सोडण्याआधीचं ताट

४ नोव्हेंबर

काशीतल्या आमच्या दूधविनायक मोहल्ल्याच्या इतिहासात आजची तारीख काळ्या शाईनं लिहिली जावी. सुनीतीवहिनींच्या खानावळीत ताकाचा पेला लहान झाला. पूर्वसूचना नाही, हरकती मागवल्या नाहीत, बारा वर्षांच्या नित्य ग्राहकाशी चर्चा नाही. पूर्वीचा पेला पितळेचा होता, त्यात ताक घातलं की ते ताक वाटायचं. आजचा स्टीलचा, खोकल्याच्या औषधाला शोभेल एवढा. वीस वर्षं बँकेच्या राजभाषा विभागात परिपत्रकांचे अनुवाद केल्यामुळे मला ठाऊक आहे की अशा कपातीला 'सुधारणा' म्हणतात.

मी पेला उचलून उजेडात धरला.

"भाऊजी, ताक आहे ते. पाण्याचा नमुना नाही," वहिनी म्हणाल्या.

"मोठे पेले कुठे गेले?"

"मोठ्या पेल्याला ताक लागतं. ताकाला दही लागतं. दह्याला गिऱ्हाईक लागतं."

तेव्हा कुठे मी मान वळवून पंगतीकडे पाहिलं. दुपारचे साडेबारा. मी, ब्रह्माघाटावरचे एक उपाध्ये आणि भिंतीवर नीलकंठदादाचा फोटो. तिघांपैकी जेवणारे दोन.

६ नोव्हेंबर

स्वरदाकडून सगळं कळलं. स्वरदा म्हणजे नीलकंठदादाची धाकटी मुलगी; थोरला रोहन नोएडाला. दादा माझा चुलतभाऊ. तो गेल्यावर वहिनींनी खानावळ चालू ठेवली, ही पोर हिशेब, फोन आणि आईचा राग सांभाळते. मराठी बोलते, पण दर तिसऱ्या वाक्याला बनारस आडवं येतं.

"काका, यात्रा कंपन्या आता बससोबत अपना आचारी आणतात. धर्मशाळेच्या अंगणात शेगडी लावली, की पिठलं-भात तयार. आपल्याकडे कोण येणार? और मकानमालिक होळीपर्यंत जवाब मागतोय. त्याच्या मुलाला इथे कॅफे करायचाय."

"मग वहिनी काय म्हणतात?"

"आई काय म्हणणार? रोहनदादा रोज म्हणतो, नोएडाला ये. आता आई 'नाही' म्हणत नाही. 'बघू' म्हणते."

वहिनींचं 'बघू' मी दोनदाच ऐकलंय. दोन्ही वेळा त्यांनी ते केलं होतं.

त्या नोएडाला गेल्या तर दुपारी मी कुठे जाणार, हा प्रश्न मी विचारला नाही. स्वार्थी दिसलो असतो. म्हणजे प्रश्न जेवणाचाच आहे.

स्वरदानं खानावळीची वेबसाइट बनवली आहे. तिच्यावर लेख हवेत म्हणे. लेख वाचून लोक फोन करतात. "तुम्ही लेखक ना? लिहा की."

मी तीस वर्षं दिवाळी अंकांतून लोकांचे कपडे उतरवत आलो. एका खानावळीला चार कपडे घालणं कितीसं अवघड असणार?

१० नोव्हेंबर

लेख लिहिला. 'काशीतील महाराष्ट्रीय भोजन : एक चिंतन'. अठराशे शब्द. सुरुवात पेशव्यांच्या काळापासून, मध्ये बनारसी माणसाच्या आळसावर तीन परिच्छेद, शेवटी वहिनींच्या आमटीचा ओझरता उल्लेख. मला फार आवडला.

दोन दिवसांत अकरा जणांनी उघडला. त्यांतले सात मी.

स्वरदानं मला समोर बसवलं. शिकवणीच्या बाईसारखी.

"काका, हे कोण वाचणार?"

"ज्याला रसिकता आहे तो."

"त्याला भूक आहे का?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"सोचो. कोल्हापूरची एक बाई. सासूला घेऊन काशीला निघालीये. फोनवर विचारते, 'काशीत मराठी जेवण कुठे मिळेल?' तिला पेशवे कशाला हवेत? जो प्रश्न तिचा, तोच मथळा. पहिल्या दोन ओळींत उत्तर. मग रस्ता, वेळ, फोटो, फोन नंबर. आणि ये 'एक चिंतन' तो निकालोच."

"मग मी लिहायचं काय?"

"जे तिला माहीत नाही, और तुम्हाला माहीत आहे."

एवढं साधं वाक्य मला आजवर एकाही संपादकानं सांगितलं नव्हतं. राग आला. घरी येऊन 'एक चिंतन' काढलं. मग पेशवेही.

१९ नोव्हेंबर

दुसरा लेख : 'काशीत मराठी जेवण कुठे मिळतं?' साडेतीनशे शब्द, एकही विनोद नाही. पत्ता लिहिताना हात जरा सैल सुटला : 'दशाश्वमेधवरून घाटानं सरळ निघावं. मणिकर्णिकेचा स्मशानघाट लागेल. तिथे न थांबता पुढे यावं.' स्वरदा म्हणाली, हे काढा. मी म्हटलं, पत्ता अचूक आहे. वहिनी आतून म्हणाल्या, "राहू दे गं. एवढं तरी हसून येतील."

पहिला फोन इचलकरंजीहून आला. मी उचलला. त्या माणसानं भाव विचारला नाही, पदार्थ विचारले नाहीत. "आईचे गुडघे गेलेत. पायऱ्या किती आहेत?"

मला सांगता येईना. बारा वर्षं चढतोय. त्याला फोन धरून ठेवायला सांगून मी उठलो आणि मोजल्या. गल्लीतून तेवीस, तेराव्या पायरीवर टेकायला ओटा. तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग जमेल. तेरा झाल्या की बसवतो."

लेखात मी तेवीस पायऱ्या आणि ओटा घातला. त्या आठवड्यात फोन वाढले. आजवर मी माझ्या वाचकाला कधी पाहिलंच नव्हतं. समोर असायचा तो ज्याची टिंगल करायची तो, आणि वाचक म्हणजे माझ्या बाजूनं हसणारा कोणीतरी. या वाचकाला हसायचं नाही. त्याला आई वर न्यायची आहे. त्याच्यासाठी लिहिणं जास्त कठीण आहे, आणि हे मी कुठेही कबूल करणार नाही.

२६ नोव्हेंबर

ताटं नऊ झाली. पण नवानं होळी गाठता येत नाही.

काशीला आलेल्यानं आवडीचं काहीतरी सोडायचं, ही रीत. कोणी वांगं सोडतो, कोणी पेरू. गंगेत उभं राहून संकल्प केला की ते पुन्हा तोंडात घालायचं नाही. वहिनींनी या रीतीला आपली एक शेपटी जोडली आहे. जेवायला आलेल्याला त्या विचारतात, "काय सोडणार?" आणि संकल्पाच्या आदल्या दिवशी तेच करून वाढतात. पोटभर. "नीट निरोप घ्या त्याचा," म्हणतात. याचे वेगळे पैसे नाहीत, कुठे पाटी नाही. लोक जेवता जेवता कधी का सोडतोय तेही सांगतात. वहिनी ऐकतात. माझा कोपऱ्यातला पाट स्वयंपाकघराच्या जाळीला लागून आहे, त्यामुळे मीही ऐकतो.

आज मिरजेच्या आनंदीबाई होत्या. निवृत्त परिचारिका, एकट्या आलेल्या. आंबा सोडणार. नोव्हेंबरात आंबा कुठला! वहिनींनी चौकातून डब्यातला रस आणवला, पुऱ्या तळल्या. बाईंनी दोन वाट्या संपवल्या आणि मग सांगितलं. नवऱ्याला साखरेचा आजार. शेवटची दोन वर्षं घरात आंबा बंद, हिनंच केलेला बंद. तो बाहेरच्या खोलीत, ही आत आंबा खात असे. एकदा त्यानं विचारलं, "वास कसला गं?" ही म्हणाली, "शेजारी आणलेत." त्या पावसाळ्यात तो गेला.

वहिनींनी तिसरी वाटी भरून पुढे ठेवली. बाईंनी तीही संपवली.

५ डिसेंबर

तिसरा लेख. 'काशीत काय सोडावं? आणि सोडण्याआधी शेवटचं कुठे खावं?' एका बैठकीत. मथळा प्रश्नाचा, पहिल्या दोन ओळींत उत्तर, मग रीत, मग वहिनींचं ताट. मध्ये आनंदीबाईंची गोष्ट. नाव अर्थातच काढलं : 'मिरजेच्या एक निवृत्त परिचारिका'. लेखकाला एवढं कळतं. 'स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, चोरून' असे तीन शब्द माझे घातले. त्यांनी चित्र उभं राहतं.

स्वरदा वाचून रडली. "काका, हा चालणार."

वहिनींना वाचून दाखवायचं राहिलं. त्या निमोन्यासाठी, म्हणजे इथल्या वाटाण्याच्या आमटीसाठी, मटार सोलत होत्या. हात अडकलेले.

१४ डिसेंबर

चालला! कुटुंबांच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, भिशीच्या, कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतोय. आज चौतीस ताटं, दोन पंगती. एक जोडपं नाशिकहून नुसतं ताटासाठी आलं. त्यांना कारलं सोडायचं होतं. मी विचारलं, आवडतं का? "छे! म्हणून तर." दुसऱ्या एकाला पिझ्झा सोडायचा होता, आणि तो आधी वहिनींच्या हातचा हवा होता.

पेले पुन्हा पितळेचे झाले. मला पाट मिळाला नाही, उभ्यानं जेवलो. यशाची किंमत असते.

२९ डिसेंबर

वहिनी थकल्यात. गेले काही दिवस कोणालाच विचारत नाहीत, काय सोडणार म्हणून. सगळ्यांना एकच ताट : वरण, भात, निमोना, पोळी. लोक खट्टू होतात. मी म्हटलं, "वहिनी, लेखात लिहिलंय, लोक त्यासाठी येतात. एक मदतनीस ठेवू या."

"ठेवा."

"विचारायला काय हरकत आहे? दोन शब्द तर आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, भात घेता का?"

माझ्याशीही कमी बोलतात. थंडी आहे. हाडांत शिरते.

१५ जानेवारी

संक्रांत, म्हणजे इथली खिचड़ी. वहिनींनी तिळगूळ दिला. 'गोड बोला' म्हणाल्या नाहीत, हात पुढे केला फक्त. तो तिळगूळ तसाच मुठीत घेऊन मी स्वरदाकडे गेलो.

"तुला माहीत आहे ना काही? बोल."

ती आधी फोनशी खेळत राहिली. मग म्हणाली, "आईनं सांगू नको म्हटलंय. काका, वो मिरजवाली आंटी. तुमचा लेख त्यांच्या घरच्या ग्रुपवर पोहोचला. मिरज, नर्स, नवऱ्याला शुगर, आत्ताच काशीला जाऊन आल्या. पहचानने में कितनी देर? नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्या दादाला तरसवलं आणि स्वतः आंबे हादडले."

"मग?"

"मग त्यांनी डिसेंबरात आईला फोन केला. भांडल्या नाहीत. एवढंच विचारलं, 'सुनीतीताई, तुम्ही सांगितलंत?'"

"वहिनी काय म्हणाल्या?"

"हो म्हणाली. 'माझ्याच तोंडून गेलं, माफ करा.'"

"पण त्यांच्या तोंडून नाही गेलं! मी जाळीतून..."

"मला माहीतेय, काका. आईलाही माहीतेय."

१६ जानेवारी

नाव दिलं नव्हतं. लेख खोटा नव्हता. हेतू चांगला होता. खानावळ वाचत होती. लोक रडले, म्हणजे लोकांना स्पर्श झाला.

वरची पाच वाक्यं मी सकाळपासून वेगवेगळ्या क्रमानं लावून पाहिली. कोणत्याही क्रमानं ती बँकेचं परिपत्रकच वाटतात.

१७ जानेवारी

फोन केला. स्वरदाकडून नंबर घेतला, तिनं तीनदा विचारलं, नक्की?

"मी ढुंढिराज बोलतोय, बनारसहून. तो लेख मी लिहिला. सुनीतीवहिनींनी मला काही सांगितलेलं नाही. मी जाळीपलीकडून ऐकलं. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्या म्हणाल्या, "थांबा हं, गॅस बंद करते." मग परत आल्या. "कोपऱ्यात बसला होता ते तुम्ही? मफलरवाले?"

"हो."

"मला वाटलं, तुम्हाला ऐकू येत नसावं. इतके गप्प बसला होता."

मी माफी मागितली. पाठ केलेली मोठी माफी होती, ती दोन ओळींत आटपली.

"नणंद रोज विचारते, किती आंबे खाल्लेस गं," त्या म्हणाल्या. "परवा मी आकडाच सांगून टाकला. सतरा. तेव्हापासून विचारत नाही. आकडा तिला पेलला नाही."

मला हसू आलं, आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून मी खोकलो.

"तुम्ही छान लिहिता. पण एक चुकलंय तुमचं. मी उभ्याउभ्या खात नव्हते."

"ते मी... चित्र उभं राहावं म्हणून..."

"बसून खायचे. पाटावर, ताटली घेऊन, सावकाश. उभ्यानं चोरून खाल्ले असते ना, तर मला सोडायची गरज पडली नसती कदाचित."

मी वहीत 'उभ्याउभ्या' लिहिलं आणि खोडलं.

"काढून टाका ते," त्या म्हणाल्या. "फिरायचं ते फिरून झालंच आहे. पण तुमच्या हातचं तिथे राहू नये. आणि सुनीतीताईंचं नाव खराब झालंय माझ्या घरात. ते तेवढं बघा."

१८ जानेवारी

"काका, पूरा लेख हटाओगे? नुसती गोष्ट काढा ना," स्वरदा म्हणाली. "गूगलवर आपण पहिले आहोत! आज काढलात तर पंधरा दिवसांत कोणी ओळखणार नाही. होळीला दीड महिना उरलाय."

"गोष्ट काढली तर बाकी काय राहतं, वाचून बघ."

तिनं वाचलं. मनातल्या मनात, ओठ हलवत. "जाहिरात," म्हणाली.

काढला. त्या जागी सहा ओळी लिहिल्या : येथे एका पाहुण्यांची खाजगी गोष्ट त्यांना न विचारता छापली होती. ती खानावळीतल्या कोणी सांगितली नव्हती, लेखकानं शेजारी बसून ऐकली आणि तिच्यात स्वतःची भर घातली. चूक लेखकाची. खाली माझं नाव, पूर्ण. आधीच्या तिन्ही लेखांखाली खानावळीचं नाव होतं.

आनंदीबाईंना ते पाठवलं. उत्तर आलं : 'ग्रुपवर टाकलं.' पुढे हात जोडलेलं चित्र वगैरे काही नाही.

इतकी कमी दाद मिळालेला आणि इतक्या वेळा खोडलेला मजकूर मी आयुष्यात दुसरा लिहिलेला नाही.

९ फेब्रुवारी

चौतीसची बावीस, बावीसची पंधरा झाली. स्वरदा माझ्याशी बोलते, पण आकडे सांगत नाही. मीच पंगत मोजतो. मदतनीस बाई पुढच्या आठवड्यापासून येणार नाही. वहिनी अजून कोणाला काही विचारत नाहीत.

मला पाट परत मिळाला. आता जाळीपासून लांबचा घेतो. तिथे उजेड कमी आहे, ताटात काय आहे ते चवीवरून ओळखावं लागतं.

२८ फेब्रुवारी

घरमालक आला होता. मुलाच्या कॅफेचा नकाशा खिशातच होता. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जेवा."

मग त्याला हिंदीत, शांतपणे : "एक साल और रहूँगी भैया. अगली होली पर फिर पूछना."

तो गेल्यावर मी विचारलं, "झेपेल का? ताटं अठरा आहेत."

"अठराच झेपतात. चौतीस झेपत नव्हती. माझे हात बघितलेत तेव्हा?"

नव्हते बघितले. मी पितळी पेले बघत होतो.

"आणि हे अठरा कुठून येतात?" मी विचारलं.

"तुमच्या त्या पायऱ्यांच्या लेखानं," स्वरदा म्हणाली. "रोज दोन-तीन फोन. सगळे म्हातारी माणसं घेऊन येणारे. आई, तू रोहनदादाला काय सांगितलंस?"

"सांगितलं, येत नाही म्हणून."

'बघू' नाही म्हणाल्या. मी भात दोनदा घेतला.

६ मार्च

होळी झाली. गल्ल्या अजून गुलाबी आहेत, दूधविनायकाच्या पायरीवरच्या गाईचं एक शिंग हिरवं.

तीन वाजता, पंगत उठल्यावर गेलो. वहिनी एकट्याच होत्या, परातीत उद्याचे तांदूळ निवडत. वर्षानुवर्षं इथे लोक बसले, आपलं काहीतरी सांगून गेले. मी सगळं ऐकलं, आणि बदल्यात एक शब्द ठेवला नाही. वर जे ऐकलं ते विकलं. याची परतफेड कशी करतात मला माहीत नाही. एकच उपाय सुचला.

बसलो. जाळीपाशी नाही, शेगडीसमोर.

"वहिनी, मला एक सोडायचंय."

तांदळातला हात थांबला. तीन महिन्यांत त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, आणि आजही विचारलं नाही. वाट पाहिली.

मी सांगितलं, काय.

"कधीपासून?"

"उद्या सकाळी. पंचगंगा घाटावर."

"मग आज करायला हवं," म्हणाल्या, आणि उठून पातेलं चढवलं. पाठमोऱ्या असताना म्हणाल्या, "का, ते सांगायलाच हवं असं नाही हो."

"माहीत आहे."

सांगितलं. काय सोडलं आणि का, ते इथे लिहीत नाही. वीस मिनिटं लागली. मध्ये एकदाच वहिनींनी हात लांब करून गॅस बारीक केला.